इतिहास शेवटी बघू!

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दहावीचे इतिहासाचे पुस्तक दोनदा विकले जाते. पहिल्यांदा जूनच्या तोंडावर, कोरे करकरीत, वह्या-कंपासच्या यादीबरोबर आईच्या पिशवीत पडते. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाते आणि गठ्ठ्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानात. तिथे त्याला नवे गिऱ्हाईक मिळते. नांदेड, बीड, सोलापूर, धुळे अशा जिल्ह्यांतून आलेली, सदाशिव पेठेत नाहीतर नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर खुर्ची धरलेली ही मुलेमुली. स्पर्धा परीक्षेच्या वाटेला लागलेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला एकच मिळतो: आधी स्टेट बोर्डाची पुस्तके संपव. मग पंधराव्या वर्षी जे पुस्तक बघवत नव्हते, तेच तेविसाव्या वर्षी पेन्सिलीने खुणा करकरून वाचले जाते.

पुस्तक तेच, मजकूर तोच. मग बदलले काय? वय वाढले, पोटाची काळजी लागली, हे सोपे उत्तर झाले आणि ते खोटेही नाही. पण दोघांच्या अभ्यासाची तऱ्हा जवळून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. अभ्यासिकेतला उमेदवार मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आधी काढतो आणि मग पुस्तक उघडतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मित्र एकमेकांना प्रश्न टाकतात, ज्याचे उत्तर चुकते तो रात्री ते पान परत काढतो. दहावीतला मुलगा मात्र पुस्तक उघडतो, वाचतो, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरवतो आणि मिटतो. कुणी विचारले तर सांगतो, “इतिहास झाला वाचून.” काय झाले, हे त्याला पेपरच्या दिवशी कळते.

सहावा विषय

शाळेत आणि घरात इतिहासाची जी उपेक्षा होते, तिला आळसापेक्षा हिशेब जास्त कारणीभूत आहे. राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषय: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. सामाजिक शास्त्रांच्या १०० गुणांत इतिहास व राज्यशास्त्राचा ४० गुणांचा पेपर, भूगोलाचा ४० गुणांचा, आणि २० गुण शाळेच्या हातचे. म्हणजे इतिहासाला स्वतःचे असे पूर्ण शंभर गुणही नाहीत. त्यातच टक्केवारी काढायची ती ‘बेस्ट फाइव्ह’ची, सहापैकी चांगल्या पाच विषयांची. सहावा विषय पास झाला की पुरे. कोणता विषय सहावा ठरवायचा, हे बहुतेक घरांत दिवाळीच्या आधीच ठरून गेलेले असते.

वेळापत्रकही त्याच बाजूचे. भाषा आणि गणित-विज्ञानाचे पेपर आधी, सामाजिक शास्त्रांचे शेवटी. मुलांच्या तोंडी एक वाक्य पक्के बसले आहे, “इतिहास शेवटी बघू.” विज्ञानाचा शेवटचा पेपर झाला की मन सुटीला लागते, आणि मधल्या एक-दोन दिवसांत नऊ धडे इतिहासाचे आणि पाच राज्यशास्त्राचे उरकायचे असतात. गणिताला क्लास, विज्ञानाला क्लास, इतिहासाला ‘एकवीस अपेक्षित’ प्रश्नसंच आणि आईचा धीर, “अरे, गोष्टीसारखा वाच.” मग दोन-तीन धडे ऑप्शनला टाकले जातात, आणि पेपरात नेमके त्यावरचे काही आले की पुरवणीत पाने भरली जातात.

मुलांना हेही ठाऊक असते की परीक्षा म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्याच वर्षी नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली, भाषांचे अंतर्गत गुण काढून घेतले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण परत आल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के झाला. त्याच वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षा न होता ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. या चार वर्षांत चर्चा झाली ती भाषांची, तोंडी परीक्षेच्या गुणांची, अकरावीच्या प्रवेशाची. इतिहासाचे काय, असे कुणी विचारल्याचे आठवत नाही.

हा सगळा कारभार चालतो तो पुण्यातूनच. १९६६ पासून राज्य मंडळाचे मुख्य कार्यालय इथे आहे. पाठ्यपुस्तके काढणारी ‘बालभारती’ २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झाली, ती सेनापती बापट रस्त्यावर. नऊ विभागीय मंडळांतल्या लाखो मुलांच्या हातात पडणारे इतिहासाचे पुस्तक याच शहरात घडते.

पुस्तकात लढाया नाहीत

हे पुस्तक उघडून पाहिले तर पालकांना धक्का बसेल. चौथीत शिवछत्रपती झाले, सातवीत मराठी सत्ता, आठवीत स्वातंत्र्यलढा, नववीत १९६० नंतरचा भारत. दहावीत, २०१८ च्या पुस्तकात, एकही लढाई नाही. पहिल्या धड्यात पाश्चात्त्य इतिहासलेखनाची परंपरा, दुसऱ्यात भारतीय. पुढे उपयोजित इतिहास, भारतीय कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजनाची माध्यमे, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. इतिहास कसा लिहितात, कशावरून लिहितात आणि त्याचा उपयोग कुठे होतो, हा या पुस्तकाचा विषय. कल्पना धाडसी आहे. मात्र ज्या मुलाने आतापर्यंत अफझलखान, पुरंदर आणि चले जाव वाचले, त्याच्यासमोर पहिल्याच धड्यात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि फुको ओळीने उभे राहतात.

स्वाध्यायात प्रश्न येतो: आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? उत्तर व्हॉल्टेअर. ‘आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज’ कुणाचा? मायकेल फुकोचा. मग ‘चुकीची जोडी ओळखा’: हेगेल आणि ‘रिझन इन हिस्टरी’, हिरोडोटस आणि ‘द हिस्टरीज’, कार्ल मार्क्स आणि ‘डिस्कोर्स ऑन द मेथड’. शेवटची जोडी चुकीची, कारण ते पुस्तक देकार्तचे. एक गुण मिळाला. पण देकार्त कोण आणि तो काय म्हणत होता, हे विचारले तर वर्गात शांतता पसरते.

गंमत अशी की देकार्तचे म्हणणे याच धड्यात आहे: निःसंशय सिद्ध झाल्याखेरीज कोणतीही गोष्ट खरी मानू नये. रांकेचा आग्रह मूळ कागदपत्रांचा, ऐकीव कहाण्या बाजूला ठेवा असा. विश्वास ठेवण्याआधी तपासा, असे सांगणारा हा धडा महाराष्ट्रभरातली मुले न तपासता तोंडपाठ करतात. घोकंपट्टीला एवढा अयोग्य धडा दुसरा सापडणार नाही आणि घोकला जातो सगळ्यात जास्त हाच.

वाचल्याने येते, असे वाटते

पुन्हा पुन्हा वाचणे ही अभ्यासाची सर्वांत लाडकी पद्धत आहे आणि ती काही पुण्याची खासियत नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत १७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करता, असे विचारले गेले. ८४ टक्क्यांनी टिपणे आणि पुस्तक परत वाचतो असे सांगितले. पुस्तक मिटून आठवून पाहतो, असे सांगणारे ११ टक्के निघाले.

परत वाचण्याची पोल त्याआधीच, २००६ मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी उघड केली होती. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्री पाणमांजरांवरचा. एका वेळी उतारा वाचून पुन्हा वाचायचा होता. दुसऱ्या वेळी तो एकदा वाचून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे होते. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७५. परीक्षेच्या सकाळी फाटकाशी उभे राहून पाने चाळणाऱ्या मुलाला जो भरवसा वाटतो, तो या ८१ टक्क्यांचा. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र उलटले: पुन्हा वाचलेल्यातले उरले ४२ टक्के, आठवून लिहिलेल्यातले ५६.

विसरण्याचा वेग तर त्याहून जुना शोध आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या दिवसाअखेर बरेचसे निसटते आणि अंतर ठेवून पुन्हा पुन्हा केले तर टिकते, असे त्याला आढळले. पुण्याच्या वाड्यावाड्यांत पाढ्यांचे पाठांतर करून घेणारे लोक हे अनुभवाने जाणून होतेच. पाढे रोज म्हणायचे, एका बैठकीत तीसपर्यंत संपवायचे नाहीत, हे कुणा आजोबांना सांगावे लागत नव्हते. इतिहासाच्या बाबतीत तेच घर हा शहाणपणा विसरते.

शाळेतल्या मुलांवर आणि तेही सामाजिक शास्त्रांतच झालेला प्रयोग आपल्या अधिक कामाचा आहे. इलिनॉय राज्यातल्या कोलंबिया नावाच्या गावातील शाळेत सहावीच्या वर्गाला इजिप्त, मेसोपोटेमिया, भारत आणि चीन यांचा प्राचीन इतिहास शिकवला जात होता. संशोधकांनी धड्यांतल्या काही मुद्द्यांवर वर्गात छोट्या चाचण्या घेतल्या. त्यांचे गुण जवळपास नगण्य, वेळ जेमतेम काही मिनिटे. काही मुद्दे मुलांना नुसते पुन्हा वाचायला दिले, काहींना हातच लावला नाही. कोणत्या मुद्द्यांवर चाचणी झाली हे बाईंना कळू नये म्हणून चाचणीच्या वेळी त्या वर्गाबाहेर जात. परीक्षेत चाचणी झालेल्या मुद्द्यांवर मुलांची कामगिरी एका श्रेणीने वर निघाली. नुसते पुन्हा वाचलेले मुद्दे आणि हात न लावलेले मुद्दे यांत फरक दिसला नाही.

आणखी एक निष्कर्ष तर थेट आपल्या प्रश्नपत्रिकेशी नाते सांगतो. दहावीच्या पेपरात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा प्रश्न ठरलेला. त्यासाठी मुले पुस्तक समोर ठेवून चौकटी आणि बाणांची सुंदर चित्रे काढतात, दोन रंगांची पेने वापरतात. कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये दाखवले की पुस्तक पाहून संकल्पनाचित्र काढणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी आठवड्यानंतरच्या परीक्षेत जास्त चांगले केले. त्या परीक्षेत संकल्पनाचित्रच काढायला सांगितले, तरीही तेच वरचढ ठरले.

इच्छा आणि अभ्यास यांचा क्रमही आपण उलटा लावतो. मुलाला गोडी लागली की तो अभ्यास करेल, म्हणून आपण गोडीच्या मागे लागतो: चित्रफिती, स्पर्धा, भाषणे, ‘इतिहास किती महत्त्वाचा’ याचे व्याख्यान. प्रत्यक्षात वर्गात ज्या मुलाला उत्तर आठवते तोच पुढच्या वेळी हात वर करतो. आठवले नाही की तो मान खाली घालतो आणि विषयाला ‘बोअर’ म्हणू लागतो. पाच सोपे प्रश्न विचारून त्यातली चार बरोबर येऊ देणे, हे त्या मुलासाठी तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करते.

दुसरा धडा सदाशिव पेठेत

पुण्याच्या मुलांना या पुस्तकाची एक सोय आहे, जी नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या मुलाला नाही. निम्मे पुस्तक त्यांच्या पायाखाली आहे.

दुसऱ्या धड्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे भेटतात. मुलांना पाठ असते ते एवढेच: ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, २२ खंड. आणि ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना. ते मंडळ आजही सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराच्या शेजारी उभे आहे. शेकडो मुले क्लासला जाताना त्याच्या दारावरून सायकल मारतात. धड्यात नसलेली गोष्ट अशी की हे राजवाडे परीक्षेचे मोठे वैरी. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेली पुस्तके बाजूला सारून हवे ते वाचत बसले, मॅट्रिकनंतर बी.ए. व्हायला आठ-नऊ वर्षे लागली. काही काळ पुण्यात शाळामास्तरकीही केली. पुढे वाईकडे पानिपतच्या काळातले कागद हाती लागले आणि १८९८ मध्ये त्यांचा पहिला खंड निघाला. गावोगाव पायी फिरून, कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या देवघरातली दप्तरे धुंडाळून त्यांनी बाकीचे खंड काढले. ही हकीकत पाच मिनिटांत सांगून झाल्यावर ‘राजवाडे मूळ कागदपत्रांवर एवढा भर का देत?’ असा प्रश्न टाकला तर पहिल्या धड्यातला रांके आपोआप आठवतो. दोन धड्यांची उजळणी एकाच प्रश्नात होते.

त्याच धड्यातले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई तर मुलांना शिकवता शिकवताच इतिहासकार झाले. १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा तर मराठीत धड पुस्तक नाही, म्हणून टिपणे काढू लागले. त्या टिपणांतून ‘रियासती’ वाढल्या. उतारवयात पुण्यातल्या पेशवे दप्तरात बसून त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. पुढच्याला शिकवायचे आहे म्हणून स्वतः नीट अभ्यास करणे, ही पद्धत रियासतकारांइतकी कुणालाच फळली नसेल. दहावीतल्या मुलीने धाकट्या भावाला धडा समजावून सांगावा, ही गोष्ट त्याच जातीची आहे.

पाचवा धडा प्रसारमाध्यमांचा. तो पुण्यात उलगडायला नारायण पेठेतला केसरीवाडा पुरतो. माध्यमांतून मिळणारी माहिती पारखून का घ्यावी लागते, अशा आशयाचा प्रश्न या धड्यावर येतो. गाइडात त्याचे चार मुद्दे असतात, ते मुले लिहितात आणि दोनपैकी एक-दीड गुण मिळवतात. त्याऐवजी एक प्रसंग घ्यावा. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. टिळकांशी मतभेद झाले, आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा करायचे होते. एकाच शहरात, एकाच विधेयकावर ‘केसरी’ने कडाडून विरोध केला आणि ‘सुधारक’ने पाठिंबा दिला. शंभर वर्षांनंतरच्या इतिहासकाराच्या हाती यातला एकच अंक लागला तर तो पुण्याबद्दल काय लिहील? हा प्रश्न ऐकलेल्या मुलाला गाइडातले चार मुद्दे पाठ करावे लागत नाहीत. ‘दीनबंधु’ही याच शहरात, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी सुरू केले. बहुजन समाजाचे म्हणणे मांडणारे हे पत्र तिसरी बाजू दाखवते.

संग्रहालयांच्या धड्यासाठी बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केलेला हा संग्रह, त्यात वीस हजारांवर वस्तू. अडकित्ते, दिवे, कुलपे, वज्रीपासून मस्तानी महालापर्यंत सगळे. १९७५ मध्ये त्यांनी तो सरकारच्या स्वाधीन केला. जतनाच्या धड्यासाठी शनिवारवाड्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. १७३० मध्ये पायाभरणी झाली, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. लाल महालात तर आणखी वेगळा प्रश्न विचारता येतो: यातले शिवकाळातले काय? आजची वास्तू महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली आहे. मग शाहिस्तेखानावरच्या १६६३ च्या छाप्याबद्दल आपल्याला कशावरून कळते? मुघलांच्या इतिहासकारांकडून आणि राजापूरच्या इंग्रज वखारीतल्या पत्रांवरून. पहिल्या धड्यातली साधनांची चिकित्सा इथे पायऱ्यांवर बसून करता येते.

सहलीचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. बसमधून उतरून, रांगेत उभे राहून, सेल्फी काढून परत येणारी सहल परीक्षेला काहीच देत नाही. जाण्याआधी वर्गाला दोन प्रश्न दिलेले असावेत, आणि परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता अर्धे पान लिहून घ्यावे. नाहीतर वडापाव तेवढा लक्षात राहतो.

दिवाळीतला अभ्यास

पुण्यातली मुले दरवर्षी कुणीही न सांगता इतिहासाची उजळणी करतात, ती दिवाळीच्या सुट्टीत. सोसायटीच्या कोपऱ्यात दगड-विटांचा ढीग, त्यावर पोती, त्यावर कालवलेली माती. हिरवळीसाठी हळीव पेरायचा, कुंभारवाड्यातून मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज आणायचे. आठवीतला मुलगा चिखलाने माखलेल्या हातांनी सातवीतल्याला ओरडून सांगतो की चोरदिंडी इकडे नाही, मागच्या बाजूला. माची कुठली, बालेकिल्ला कुठला, पाण्याचे टाके खालच्या अंगाला का, यावर भांडणे होतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर बघायला आलेल्या प्रत्येक काकूला राजगडाची सगळी माहिती पुन्हा ऐकवली जाते, तीही रोज, आठवडाभर.

परीक्षेच्या अभ्यासात जे जे नसते ते ते सगळे इथे आहे. काय करायचे ते मुलांनी ठरवलेले असते. ऐकणारा समोर असतो. माहिती तोंडून काढावी लागते आणि चुकले तर शेजारचा लगेच दुरुस्त करतो, गुण कापत नाही. रोज थोडे होते, एका रात्रीत सगळे नाही. मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी मातीच्या ढिगाभोवती विनासायास घडतात. उणीव एवढीच की या उत्साहात ‘कशावरून?’ हा प्रश्न क्वचित येतो आणि दहावीचा पेपर नेमका तोच विचारतो. पराक्रमाचे प्रेम आणि साधनांची चिकित्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मुलांकडे भरपूर आहे, दुसरी शिकवावी लागेल.

शिक्षकाच्या हाती काय

पन्नास-साठ मुलांचा वर्ग, आठवड्याला मोजके तास, त्यातले काही निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामात जाणारे. अशा शिक्षकाला ‘अध्यापन रंजक करा’ असे सांगणे म्हणजे वरून सल्ला टाकणे. त्याला परवडेल असे काम हवे. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे परवडतात. फळ्यावर पाच प्रश्न: दोन कालच्या धड्यावर, दोन मागच्या महिन्यातल्या, एक त्याहून जुना. वहीत उत्तरे, मग शेजाऱ्याशी वही बदलून तपासणी. गुण रजिस्टरला चढवायचे नाहीत. मुलांना हे पक्के कळले पाहिजे, नाहीतर चाचणी म्हणजे आणखी एक परीक्षा होऊन बसते आणि भीती परत येते.

प्रश्नांची चढणही विचार करून ठेवावी लागते. आधी ‘दर्पण कुणी काढले’ असा एका शब्दाचा, मग चुकीची जोडी, मग ‘सकारण स्पष्ट करा’चे एखादे विधान. टिपा लिहायच्या असतील तर आधी कोऱ्या कागदावर आठवतील ते शब्द, मग पुस्तकाशी ताडून राहिलेले लाल पेनाने. लाल शाई किती उरते, हे मुलाला स्वतःला दिसते आणि आठवड्यागणिक ती कमी होताना पाहण्यात त्याला जी मजा येते, ती बक्षिसाच्या पेनात नसते.

रात्रशाळेत शिकणाऱ्या, दिवसा दुकानात नाहीतर गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला केसरीवाडा किंवा संग्रहालय पाहायला वेळ नाही. त्याच्यासाठीही हीच पद्धत चालते. पीएमपीएमएलच्या बसमध्ये बसून ‘तिसऱ्या धड्यातले पाच मुद्दे कोणते’ एवढे स्वतःला विचारायला पुस्तकही लागत नाही. जगातले सर्वांत जुने संग्रहालय कुठे सापडले, असे सहकाऱ्याने विचारावे आणि त्याने ‘ऊर’ म्हणून सांगावे, एवढाही अभ्यास पुरतो.

घरी पालकांनी फार काही शिकवायची गरज नाही. ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर असते. पुस्तक हातात घेऊन मुलाला बोलते करावे. खेळांच्या धड्यात पॉम्पेईला सापडलेल्या भारतीय हस्तिदंती बाहुलीचे काय आहे, हे त्याच्याकडून ऐकावे. अडला तर पान उघडून दोघांनी वाचावे. ज्या आईवडिलांनी स्वतः सनावळ्या घोकून इतिहास सोडून दिला, त्यांनाही हे पुस्तक नवे वाटेल.

दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून पूर्वपरीक्षेपर्यंत साधारण दोन महिने हाती असतात. चौदा धडे, आठवड्याला दोन, म्हणजे सात आठवड्यांत प्रत्येक धडा एकदा पुस्तक मिटून लिहून होतो, आणि जुन्या धड्यांवरचे प्रश्न रोजच्या पाच मिनिटांत फिरत राहतात. यासाठी अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही, स्मार्ट बोर्ड लागत नाही. मुख्याध्यापकांनी सुट्टी संपायच्या आत ही पाच मिनिटे दहावीच्या वेळापत्रकात घालावीत आणि इतिहासाच्या शिक्षकांना निदान त्या दोन महिन्यांत वर्गाबाहेरच्या कामांतून मोकळे ठेवावे.